समुद्रकिनारी घरात बिटकॉइन मायनिंग: एस 9, एस 19 की बिटॲक्स?

तुमचं घर दापोलीजवळ किनाऱ्यालाच आहे, छपरावर 3 किलोवॅटचं सोलर आहे, मुंबईहून जुनं अँटमायनर एस 19 (बिटकॉइन मायनिंगचं, म्हणजे आकडेमोड करून नवी बिटकॉइन मिळवायचं मशीन) स्वस्तात मिळतंय. ते घ्यावं, त्याहून जुनं एस 9 घ्यावं की बिटॲक्स हे अगदी छोटं मायनिंग मशीन, असं तुम्ही विचारलंय. मी गुहागरचा. 2021 मध्ये एस 9 घरी चालवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किमतीपेक्षा आधी विजेचं बघा. एस 19 चा वेग 95 टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) आणि ओढ 3250 वॅटची, म्हणजे दिवसाला 78 युनिट. तुमचं सोलर चांगल्या उन्हात 12 युनिटच्या आसपास देईल, पावसाळ्यात तेवढंही नाही. आणि ती 12 युनिटं फुकटची धरू नका, एरवी ती घरच्या बिलातून वजा होतातच. युनिटला 10 रुपये धरले तरी रोजचे 780 झाले. वरच्या स्लॅबचा दर त्याहून जास्तच पडतो.

आता मिळकत. एप्रिल 2024 पासून एका ब्लॉकमागे (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, साधारण दर दहा मिनिटांनी कुणा एका मायनरला लागतो) 3.125 बिटकॉइन मिळतात, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला साधारण 450. जगाचा एकूण वेग 900 एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे 10 लाख टेराहॅश) आणि बिटकॉइनचा भाव 90 लाख रुपये धरून हिशोब केला तर एस 19 च्या वाट्याला रोज सव्वाचारशे रुपये येतात. एस 9 ची गत आणखी वाईट: 13.5 टेराहॅश, 32 युनिट, म्हणजे 320 रुपये घालवून साठेक रुपये हातात. नवं एस 21 सुद्धा (200 टेराहॅश, 3500 वॅट) 840 रुपयांच्या विजेवर 900 मिळवतं. वर 30 टक्के कर आहे, आणि त्यात विजेचा खर्च वजा करता येत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते खाऱ्या हवेबद्दल. माझं मशीन पडवीत होतं. समोर वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. पंखे दिवसरात्र ती हवा आत खेचायचे. पहिल्या पावसाळ्यानंतर आकडेमोडीच्या चिपा असलेल्या तीन बोर्डांपैकी एक मशीनला दिसेनासा झाला. उघडून बघतो तर ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी, आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. ब्रशने घासलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, चार महिने चाललं, मग दुसरा बोर्ड गेला. आतल्या खोलीत ठेवून बघितलं, तर आवाजाने आईला झोप लागेना आणि मे महिन्यात खोलीत पाय ठेववेना. दार बंद करून चालवायचं हे मशीनच नाही, त्याला सतत मोकळी हवा लागते, आणि आपल्याकडे मोकळी हवा म्हणजे खारी हवा. जुनं मशीन कुणी कितीही स्वस्त देवो, हा खर्च त्या किमतीत धरलेला नसतो.

वायरिंगचंही बघा. एस 19 सलग 14 अँपिअर ओढतं. जुन्या घरातला सॉकेट तासाभरात हाताला गरम लागतो. मंजूर लोड आधी वाढवून घ्यावा लागेल, स्वतंत्र एमसीबी आणि जाड वायर लागेल.

म्हणून दोन्ही अँटमायनर सोडा. मायनिंग कसं चालतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर बिटॲक्स गॅमा घ्या. 5 व्होल्टचा ॲडॅप्टर, साधारण 18 वॅट, महिन्याला 13 युनिट, 1.2 टेराहॅश. एकट्याने ब्लॉक लागण्याचा योग जगाच्या वर धरलेल्या वेगाने चौदा हजार वर्षांत एकदा, तेव्हा त्यातून पैशाची आशा धरू नका. पण पूल, म्हणजे अनेकांनी मिळून केलेलं मायनिंग, कसं चालतं, चिप तापली की वेग कसा पडतो, हे सगळं त्यावर शिकता येतं. मला तरी जे नीट कळलं ते या छोट्या मशीनवरच कळलं. ते माजघरात ठेवा, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, आणि ढग गडगडायला लागले की ॲडॅप्टर आणि राउटर दोन्हींचे प्लग काढून ठेवा.