पाढ्याआधी ढीग मांडा

ताई, पहिलीदुसरीच्या मुलांकडून पाढे घोकून घ्यायची घाई नको. आधी चिंचोके घ्या, वीसभर पुरतात. ‘बे त्रिक सहा’ म्हणताना दोन-दोनचे तीन ढीग समोर दिसलेच पाहिजेत. क्रम 2, 10, 5, मग 3 आणि 4. नुसत्या चालीवर पाढा चढला की ‘पाच चोक किती?’ विचारताच मूल ‘पाच एके पाच’पासून सुरू करतं. म्हणून रोज पाच मिनिटं मधूनच विचारा, उलटा पाढाही म्हणवून घ्या.

भागाकाराला आपले नाशिकचे मनुके छान. 12 मनुके 3 मुलांत वाटले तर प्रत्येकाला किती? आणि 12 मनुक्यांच्या तीन-तीनच्या पुड्या किती? दोन्हीकडे उत्तर 4, पण पहिल्यात हात एकेक मनुका वाट्यांत फिरवतो, दुसऱ्यात तीन-तीन उचलतो. हे दोन प्रकार एकाच दिवशी घेतले की मुलं हमखास गोंधळतात. नंतर 13 मनुके द्या. जास्तीचा मनुका मूल कुठल्यातरी वाटीत ढकलतं. तिथेच थांबवा, तो बाजूला ठेवायला लावा आणि पाटीवर ‘बाकी 1’ लिहून घ्या.