"आईवर प्रयोग नको, मॅडम"

मी समुपदेशक. कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक समोर बसले की महिन्यातून दोन-चारदा तरी हे वाक्य ऐकू येतंच. डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या नव्या उपचाराच्या चाचणीबद्दल, विचारलेलं असतं, हातात माहितीपत्रक ठेवलेलं असतं आणि घरात दोन दिवस वादावादी चाललेली असते.

सांगलीकडचा एक तरुण असाच आला. (तपशील अर्थातच बदलले आहेत.) आई बासष्ट वर्षांची, छातीत गाठ.

"नवं औषध कुणाला द्यायचं ते म्हणे कॉम्प्युटर ठरवणार. आईच्या वाट्याला नुसत्या साखरेच्या गोळ्या आल्या तर?"

मी त्याला समजावलं. या ट्रायलमध्ये नेहमीची केमो दोन्ही गटांना मिळणारच होती. चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार होता ते फक्त जोडीचं नवं औषध कुणाला, एवढंच. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या पुढाकाराने ११ केंद्रांत झालेल्या अभ्यासाचं उदाहरण दिलं. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० स्त्रिया होत्या. शस्त्रक्रिया सगळ्यांचीच झाली. निम्म्या जणींना त्याआधी काही मिनिटं गाठीभोवती भूल देण्याचं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी ते न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, मिळालेल्यांपैकी ९०.१. इंजेक्शन न मिळालेल्यांनाही पूर्ण उपचार मिळालेच होते.

त्याने मान डोलावली. आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच: "पण साखरेच्या गोळ्या दिल्या तर?"

उत्तर मिळूनही प्रश्न परत येतो, तेव्हा खरा प्रश्न दुसराच असतो. इतक्या वर्षांत एवढं तरी मला कळलंय.

तिसऱ्या भेटीत मी ट्रायलचा संमतीचा फॉर्म बघायला मागितला. रिपोर्टांच्या पिशवीतून त्याने चौदा पानांचा मराठी फॉर्म काढला. पहिल्या पानावर "कर्करोग" हा शब्द जिथे जिथे होता, तिथे बॉलपेनने गिरगटवलं होतं. एका जागी तर कागद फाटला होता.

मी तिथे बोट ठेवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही.

"आईला फक्त गाठ म्हणून सांगितलंय. ट्रायलला सही तिचीच लागते म्हणतात. म्हणजे तिला सगळं सांगणार."

"मग?"

"कोसळेल ती."

"कशावरून?"

मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने काम करते, म्हणजे मनातली समजूत खरी आहे का ते तपासून पाहायला लावते. "कशावरून?" हा माझा आवडता प्रश्न. समोरच्याला तो टोचतो, पण मी तो सोडत नाही.

"वडील गेले तेव्हा कोसळल्या होत्या?"

"नाही." मग हळूच म्हणाला, "तेव्हा आम्हालाच तिनं सावरलं."

म्हणजे भीती औषधाची नव्हतीच. "प्रयोग" हा शब्द ढालीसारखा पुढे धरला होता.

पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन आला. मी प्रस्तावना जुळवत होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "परळला कुणी सर्दी-पडशाला आणतंय व्हय? पोरगं घाबरतंय म्हनून मीच गप हुते."

मुलगा ढसाढसा रडला. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, बाकी काही केलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं.

त्यानंतर आम्ही तिघांनी फॉर्म वाचून काढला. तुमच्याही घरी असा फॉर्म आला असेल, तर रुग्णाला बाजूला ठेवून तो वाचू नका. रुग्ण शुद्धीवर आणि समजत्या मनाचा असेल, तर संमती त्याचीच लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावा लागतो. ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का, ते पाहा. ट्रायल रुग्णांसाठी योग्य आहे का ते तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का, विचारा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. मधेच बाहेर पडता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. आणि जादा तपासण्यांचा, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे लाजू नका, स्पष्ट विचारा.

आईंनी नेमकं तेच विचारलं. प्रवासखर्च मिळणार होता. पण मुंबईच्या चार खेपा वाढत होत्या.

"न्हाई म्हटलं तर डाक्टर रागावतील?"

"त्यांनाच विचारा की."

त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काही हरकत नाही." त्या नाही म्हणाल्या आणि सोमवारी नेहमीची केमो सुरू झाली. ट्रायलसाठी होकार मिळवून देणं हे माझं काम नाही, त्यामुळे मला ती केस फसली असं वाटत नाही.

फॉर्म मात्र त्यांनी परत दिला नाही. "गावात उद्या दुसऱ्या कुणाला इचारलं तर काय काय इचारायचं ते हाय त्यात," म्हणाल्या आणि घडी घालून पिशवीत ठेवला.