वाचक विचारतात : सिग्नलला न्यूट्रल का पडत नाही?

प्रश्न : माझी १५० सीसीची बाइक आहे, सहा वर्षं झाली, ४८ हजार किमी चाललीये. रोज कात्रज ते हिंजवडी. सकाळी काही त्रास नसतो पण संध्याकाळी परत येताना अर्धा तास ट्रॅफिकमध्ये गेला की सिग्नलला न्यूट्रल पडतच नाही, पहिल्यावरून वर उचललं की थेट दुसरा, खाली दाबलं की परत पहिला, पायाने तबला वाजवत बसायचं आणि तोवर मागचे हॉर्न सुरू. इंजिन बंद केलं की मात्र एका झटक्यात पडतं. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल, सात-आठ हजार धरून चाला. खोलू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात खोलू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, "इंजिन बंद केलं की एका झटक्यात पडतं". गिअरबॉक्समध्येच काही झिजलं-तुटलं असतं तर बंद गाडीतही बहुतेक हाच छळ झाला असता. बंद केल्यावर सुतासारखं पडतंय म्हणजे पहिला संशय क्लचवर, लिव्हर दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाहीये.

होतं काय, की आपल्या बहुतेक बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आत एकाआड एक प्लेटा. लिव्हर दाबली की त्या एकमेकींपासून सुटायला पाहिजेत, पण जरा जरी घासत राहिल्या तर इंजिन गिअरबॉक्सला फिरवायला बघतं आणि गाडी तर ब्रेकवर उभी, मग पहिल्या गिअरचे दात ताणाखाली एकमेकांत घट्ट अडकून बसतात. ते सोडवायला तुम्ही पायाने जास्त जोर लावता, दात सुटतात खरे पण त्याच जोरात लिव्हर पुढे दुसऱ्यावर जाते. न्यूट्रलची जागा मुळात पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये अर्ध्या पावलावर. गिअरच्या ड्रमला खाचा असतात, त्यात स्प्रिंगवरचा एक रोलर बसतो, आणि न्यूट्रलची खाच बाकीच्यांपेक्षा उथळ असते, चालत्या गाडीत गिअर बदलताना चुकून तिथे अडकायला नको म्हणून. त्यामुळे जोर लावाल तितकं ते हुकणार.

आणि संध्याकाळीच का? तर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर सरकत सरकत जाण्याने प्लेटा तापतात, फुगतात, सुटायला जागा कमी उरते. सकाळी थंड असताना तेवढी जागा पुरते.

आता आधी स्वस्तातलं बघा. क्लच लिव्हरच्या टोकाला खेळ, म्हणजे क्लच ओढायला लागण्याआधीची ढिली हालचाल, किती आहे ते मोजा, बऱ्याच गाड्यांना १० ते २० मिमी सांगितलेला असतो, नक्की आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. त्यापेक्षा जास्त ढिली असेल तर लिव्हर हँडलला टेकते पण क्लच अर्धाच सुटतो, आणि ४८ हजार किमीत क्लचची वायर ताणली जातेच. लिव्हरपाशी एक अ‍ॅडजस्टर आहे, दुसरा खाली इंजिनपाशी, वरचा संपला की खालचा फिरवायचा, हे कित्येक मेकॅनिक विसरतात. पण उत्साहाच्या भरात एकदम टाइट करू नका, खेळच उरला नाही तर क्लच स्लिप होऊन प्लेटा जळतात, तो वेगळा खर्च. वायर कधीच बदलली नसेल तर सरळ नवीन टाका, काहीशे रुपयांचं काम आहे, आणि जुनी काढली की लिव्हरकडच्या टोकाला तारा तुटलेल्या दिसल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

मग रेस बघा. अशा गाड्यांचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता इंजिन चालतं तो वेग, साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असतं, कोणी थंडीत गाडी बंद पडू नये म्हणून वाढवून ठेवलं असेल तर तेही न्यूट्रलचं दुश्मन. ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं टाका. "जाडं टाका, इंजिन टिकतं" हा सल्ला मला फारसा पटत नाही, जाड्या ऑइलात प्लेटा चिकटून राहतात, विशेषतः गार असताना.

एवढं करूनही फरक नाही पडला तर क्लचचं कव्हर उघडायला सांगा, गिअरबॉक्स नाही. प्लेटा वाकल्यात का, आणि प्लेटा ज्यात बसतात त्या क्लचच्या हाउसिंगला त्यांनी खड्डे पाडलेत का ते बघायचं, तिथे अडकूनही क्लच सुटत नाही. हे कव्हर उजव्या बाजूला असतं, इंजिन उतरवावं लागत नाही, म्हणून सात-आठ हजार ऐकलं की कशाचे ते विचारा.

तोवर एक सवय लावा, गाडी पूर्ण थांबायच्या आधी, चालण्याच्या वेगात असतानाच दुसऱ्यावरून खाली हलकेच टेकवा, बुटाच्या टोकाने. फिरत्या दातांवर ताण नसतो, पटकन पडतं.

प्रश्न : न्यूट्रलचा हिरवा लाइट लागलेला असतो तरी क्लच सोडला की गाडी पुढे उडी मारते. असं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लाइट खोटं बोलतोय. गिअरबॉक्सपाशी एक छोटा स्विच असतो, तो किंवा त्याची वायर खराब झाली की असं होतं. दुरुस्त होईपर्यंत सिग्नलला ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडा, आणि किक मारण्याआधी क्लच न दाबता गाडी पायाने मागे-पुढे ढकलून बघा, दाबलेल्या क्लचवर ती गिअरमध्येही सरकते.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या बुलेटला उजवीकडे गिअरच्या लिव्हरजवळ अजून एक छोटी लिव्हर आहे. ती कशाची?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : न्यूट्रल फाइंडर! जुन्या चार गिअरच्या बुलेटला असायचा. दुसरा, तिसरा, चौथा कुठलाही गिअर असू दे, क्लच दाबून टाचेने ती दाबली की थेट न्यूट्रल, फक्त पहिल्यावरून नाही. वरच्या पुणेकरांना दाखवू नका, जळतील.