मारबतीला कॅमेरा नेण्याआधी

फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला आहेस ना, मग लेन्सचं खूळ सध्या बाजूला ठेव. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 मिमीची किट लेन्स पुरते. आधी एखाद्या सकाळी दीक्षाभूमीला जा. पांढरा स्तूप ऑटोवर काढलास तर बहुतेक राखाडी येईल, कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. एक्स्पोजर +1 कर, लगेच उजळेल. वर्गात तीनदा ऐकूनही हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मारबतीची मिरवणूक मात्र दमवते बाप्पा! मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शटर आदल्या संध्याकाळच्या 1/60 सेकंदावरच राहिलं होतं. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, समोरासमोर आले, पोरं बेभान नाचत होती, आणि घरी येऊन पाहतो तर सगळे हात धुरासारखे. तू 1/500 धर, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर सोड. गर्दीत लेन्स बदलू नको, धूळ थेट सेन्सरवर बसते. पावसाची सर आलीच तर दुधाची धुतलेली पिशवी आणि रबर बँड खिशात असू दे.

कळमन्याच्या संत्रा बाजारात मात्र कॅमेरा गळ्यातच राहू दे. आधी हमालदादाशी दोन शब्द बोल, चहा घे. मग फोटो काढू का, ते विचार.