मार्चमध्ये महाबळेश्वरला जांभळट-निळ्या फुलांनी भरलेलं लहान झाड दिसलं, ते कोणतं?

ती अंजनी. शास्त्रीय नाव मेमेसायलॉन अंबेलेटम. महाबळेश्वर-माथेरानच्या जंगलात पावलोपावली भेटते. झुडूप म्हणावं की झाड, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा १०-१५ फुटांवर थांबते.

तुम्ही लिहिलंय की फुलं ‘फांदीलाच चिकटल्यासारखी’ होती. तीच पक्की खूण. पानांच्या बेचक्यांत तर गुच्छ येतातच, पण पानं गळून गेलेल्या जुन्या काडीच्या पेरांवरही येतात. एक फूल तळहातावर घेऊन बघा: जेमतेम काही मिलिमीटरचं, चार पाकळ्या, आठ पुंकेसर, देठ टाचणीसारखा. मधमाश्यांची मात्र झुंबड असते.

पानं समोरासमोर, जाड, वरून चकचकीत गर्द हिरवी. मधली शीर सोडली तर बाकीच्या शिरा शोधाव्या लागतात. फुलं नसताना जांभळाशी गल्लत होते. अशा वेळी पान चुरगाळून हुंगायचं. जांभळाला वास येतो, अंजनीला नाही.

फळं वाटाण्याएवढी, पिकली की काळी, टोकाला छोटी वाटी. खाता येतात, पण तोंड तुरट होतं. लाकूड भलतंच कठीण. पानांपासून पूर्वी पिवळा रंग काढत.

आणि हो, खानदेशातला अंजन वेगळा. तो कोरड्या रानातला उंच वृक्ष, आपट्यासारख्या जोडपानांचा. दोघांचं नातं फक्त नावापुरतं.