डब्यात उरलेले सुटे भाग

प्रश्न : माझी कोरोला अल्टिस २००९ सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक आहे. एक लाख नव्वद हजार किलोमीटर झाल्यावर गिअर घसरू लागले, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेला गिअरबॉक्स आणला. आमच्या मिस्त्रींचा हात मॅन्युअल गाड्यांवर बसलेला असून ऑटोमॅटिक त्यांनी प्रथमच उतरवली आहे. दोन्ही गिअरबॉक्सच्या काढघालीत काही भाग असे निघाले की ते कशाचे, हे आम्हा दोघांनाही कळेना. ते बिस्किटांच्या डब्यात ठेवले असून छायाचित्रे सोबत पाठवत आहे. मिस्त्रींच्या मते ‘यातले निम्मे नसले तरी गाडी चालेल’. शिवाय गिअरबॉक्सबरोबरच्या लोखंडी हंड्याला लागून असलेले फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचे चाक) फारच पातळ निघाले, ते चुकीचे तर नाही ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडी कदाचित चालेलही, पण किती दिवस, हे त्या डब्यातल्या वस्तूच ठरवतील. अनोळखी भाग हातात घेऊन त्याच्या आकारावरून नाव शोधत बसण्यापेक्षा तो जिथून निघाला ती जागा शोधावी. तेलाचा डाग, धातूवरची घासलेली चकाकी, बोल्टच्या डोक्याखाली राहिलेला स्वच्छ गोल अशा खुणा भागाची ओळख सहसा चुकू देत नाहीत. म्हणून नवा गिअरबॉक्स बसून गाडी दोन-चारशे किलोमीटर धावेपर्यंत जुना भंगारात देऊ नका, मग गॅरेजमध्ये त्याची कितीही अडचण होवो.

तुम्ही आणलेल्या गिअरबॉक्सवरच्या पट्टीच्या छायाचित्रात यू३४१ई ही गिअरबॉक्सच्या प्रकाराची अक्षरे स्पष्ट आहेत आणि गाडीच्या ओळखपट्टीवर ‘ट्रान्स/ॲक्सल’ या ओळीतही तीच असली पाहिजेत. तरीही एकाच नावाच्या गिअरबॉक्समध्ये गाडीचे इंजिन आणि साल यांप्रमाणे बारीक फरक असू शकतात. तेव्हा वायरिंगचे कपलर आणि त्यांतल्या पिनांची संख्या दोन्ही गिअरबॉक्स शेजारी ठेवून मोजावी. पिना जुळत नसतील तर वायरी कापून जोडण्याच्या फंदात पडू नये.

आता डब्याकडे वळू. काळ्या चिखलाने माखलेल्या ज्या जाड चकत्या मिस्त्रींनी बाजूला टाकल्या आहेत, ती लोहचुंबके आहेत. ती गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या पॅनमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरमध्ये, नुसती चिकटून असतात. त्यांना ना बोल्ट असतो ना खाच, त्यामुळे पॅन धुताना ती गळून पडतात आणि कचरा समजून टाकली जातात. तेलात फिरणारी पोलादाची धूळ धरून ठेवणे, हे त्यांचे काम. चकतीवरचा लेप अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहा. काजळासारखा मऊ लागला तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे कण किंवा चकचकीत कपचे हाताला लागले तर आत काहीतरी तुटलेले आहे. हीच परीक्षा जुन्यापेक्षा आणलेल्या गिअरबॉक्सची अधिक अगत्याने करा. त्याने आधीच्या गाडीत कसे दिवस काढले, हे विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा त्याच्या पॅनमधली चुंबके खरे सांगतील, आणि पॅन उघडायला अर्धा तासही लागत नाही. (खरे तर हे पैसे मोजण्यापूर्वी करायचे काम होते, पण गिअरबॉक्स अजून जमिनीवर आहे, तोवर उशीर झालेला नाही.)

बोटाच्या पेराएवढ्या दोन पोकळ पोलादी नळ्या म्हणजे डोवेल. इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके एका रेषेत यावेत म्हणून त्या दोहोंच्या जोडावर, भोकांमध्ये घट्ट बसवलेल्या असतात. ‘बोल्ट आवळले की झाले’ असे समजून त्या वगळल्या, तर गिअरबॉक्स केसभर बाजूला सरकून बसतो आणि तेलाच्या पंपाचा बुश व सील यांच्यावर त्याचा भार येतो. इंजिनाच्या बाजूला डोवेल आधीच असतील, तर मात्र गिअरबॉक्सबरोबर आलेल्या नळ्या त्याच भोकांत पुन्हा ठोकू नका.

अर्धचंद्राकृती काळा भाग, ज्याला दोन लांबट भोके आणि जाड कपलर आहे, तो इनहिबिटर स्विच. लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याखेरीज इंजिन चालू होऊ न देणे आणि रिव्हर्सचे दिवे लावणे ही कामे तो करतो. भोके लांबट आहेत ती स्विच थोडा फिरवून जुळवता यावा म्हणून: लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून स्विचवरची खाच आणि रेघ एका ओळीत आणावी आणि मगच बोल्ट आवळावेत. अळंबीच्या आकाराची छोटी टोपी ही हवेची वाट आहे, ती साफ करून परत लावा. ती तुंबली तर आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. प्लास्टिकचे दातेरी चाक असलेला सेन्सर स्पीडोमीटरसाठी असतो. तुमच्या मूळ गिअरबॉक्सवर त्या जागी नुसते टोपण असेल, तर तुमच्या गाडीला तो लागत नाही; टोपण मात्र ओ-रिंगसह बसवायला हवे.

फ्लायव्हील चुकीचे नाही. ऑटोमॅटिकमध्ये जड फ्लायव्हीलऐवजी दातेरी कडा असलेली पत्र्याची पातळ चकती असते, तिला फ्लेक्सप्लेट म्हणतात. वजनाचे काम तिला लागून बसणारा आणि इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तुम्ही ज्याला ‘लोखंडी हंडा’ म्हटले आहे तो, करतो. चकतीच्या बोल्टांभोवती तडे आहेत का, ते उजेडात नीट पाहावे आणि तिच्याबरोबर निघालेली वॉशरसारखी कडी होती त्याच क्रमाने लावावीत.

मला खरी धास्ती आहे ती या हंड्याची. तो वेल्ड करून बंद केलेला असतो, त्यामुळे जुन्या गिअरबॉक्सची धूळ त्यातून घरच्या घरी पूर्ण धुऊन काढता येत नाही. आणलेल्या गिअरबॉक्सबरोबरचाच कन्व्हर्टर वापरावा. तो शाफ्टवर सरकवताना एका दमात आत जात नाही. दोन शाफ्टांवरचे उभे दाते (स्प्लाइन) आणि शेवटी पंपाच्या खाचा, अशा तीन ठिकाणी त्याला बसायचे असते, म्हणून हाताने फिरवत हलका दाब द्यावा. प्रत्येक टप्प्याला तो ‘खट्’ करून थोडा आत सरकतो. पूर्ण बसला की गिअरबॉक्सच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून कन्व्हर्टर किती आत आहे ते मोजावे आणि दुरुस्तीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडावे. गिअरबॉक्स इंजिनाला लावल्यावर, कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्यापूर्वी, तो हाताने मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल आणि तरीही बाहेरचे बोल्ट आवळून फट बुजवली, तर पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो. मॅन्युअलवर हात बसलेल्या माणसाकडून नेमकी हीच चूक होते, कारण तिथे बोल्टांनी ओढून घेतलेले बरेच काही खपून जाते.

तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आत असते. जुन्या गिअरबॉक्सची घाण तिथेही साचलेली असणार, तेव्हा ती धुतल्याशिवाय नवे तेल घालू नका. डिपस्टिकवर लिहिलेले तेलच वापरावे आणि पातळी तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापल्यावर, इंजिन चालू ठेवून तपासावी.

प्रश्न : आमची हॅचबॅक ऑटोमॅटिक असूनही गॅरेजवाले क्लच प्लेट बदलायला सांगतात. ऑटोमॅटिकला क्लच प्लेट कुठून आली? – एक वाचक, सांगली

उत्तर : गाडी एएमटी असावी. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून रुळलेल्या या प्रकारात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे सगळे तिच्यात आहे, टॉर्क कन्व्हर्टर मात्र नाही, आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर असू शकते. प्लेट बदलल्यावर क्लचची नवी जागा स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाला शिकवावी लागते. तो स्कॅनर त्यांच्याकडे आहे का, हे काम देण्यापूर्वी विचारून घ्या.