बीएएमएसनंतर परदेशात पब्लिक हेल्थचं मास्टर्स करावं का? कर्ज काढून जाणं परवडतं का?

जा. पण वावर गहाण टाकून जाऊ नका.

तुम्ही गडचिरोलीत आरबीएसकेच्या, म्हणजे शाळा-अंगणवाडीतली पोरं तपासणाऱ्या सरकारी पथकावर आहात, आणि घरचे म्हणतात, ‘डॉक्टर होऊन आकडेच मोजायचे तर विलायतेला कायले?’ हेच मला आमच्या मोठ्या बाबांनी ऐकवलं होतं, म्हणून लिहितो आहे.

२०१७ च्या खरिपात मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी होतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या साली डोक्याच्या वर गेली होती, कीटकनाशकाचा फवारा अंगावरच यायचा. एका सालदाराला मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून आणलं. पंप गळून सदरा पाठीवर चिंब, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपडे उतरवले, साबणानं अंग धुतलं, अ‍ॅट्रोपिन हा विषावरचा उतारा सुरू करून यवतमाळला पाठवला. तो वाचला. जिल्ह्यात त्या हंगामात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो भरती झाली. मोठे बाबा म्हणाले, ‘तोंडाले फडकं बांधत नाहीत, मंग मरतात.’ विष कातडीतून आत जातं, फडकं काय करणार?

इंग्लंडात माझ्या वर्गात श्रीलंकेची एक डॉक्टर होती. त्यांच्याकडे मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक १९९५ मध्येच बंद झालं, १९९८ मध्ये एंडोसल्फान हे दुसरं. पुढच्या दहाएक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं आणि पीकही घटलं नाही. आमच्याकडे २०१७ मध्ये मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मना, कपाशीवर मोकळं. कृषी केंद्रात सर्रास मिळायचं. तिथं बंद झालेलं विष इथं का विकतात? मी जन्मभर अ‍ॅट्रोपिन टोचत बसलो असतो तरी हा प्रश्न मला पडला नसता. तो पडावा म्हणून शिकायचं.

बीएएमएस बहुतेक ठिकाणी चालतं. ब्रिटनमध्ये कोर्स वर्षभराचा. चेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अनुसूचित जातीतले असाल तर सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघा. यातलं काहीच जमलं नाही तर तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर आहे, तिथलं एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थचं हेच मास्टर्स, कमी दर्जाचं नाही.

हो, एमपीएचच्या पदवीवर ब्रिटनमध्ये पेशंट तपासता येत नाहीत. २०२४ पासून अशा कोर्सला जाणाऱ्याला बायकोपोरं सोबत नेता येत नाहीत, सरकारी शिष्यवृत्ती असली तर गोष्ट वेगळी. आणि तिथं नोकरी लागेल या हिशेबानं कर्ज काढत असाल तर थांबा.

घरच्यांना तुमच्याच जिल्ह्यातलं दाखवा. अभय आणि राणी बंग, दोघंही एमडी. तरी जॉन्स हॉपकिन्सला जाऊन एमपीएच केलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. आधी गावोगावी बाळांचे मृत्यू मोजले, मग गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आकडे मोजणं डॉक्टरकीच आहे, हे मोठ्या बाबांनाही मी असंच सांगितलं.

अर्जाच्या निबंधात एजंट सांगेल ते लिहू नका. आश्रमशाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला पोरं रांगेत उभी केल्यावर तुम्ही काय बघता, ते लिहा.